साडेनऊ

शर्वरी आकडे शिकली
आबांच्या बोटांवर,
म्हणून तिच्या लेखी नवानंतर येतात साडेनऊ
आणि तिथं गणित संपतं.

बालवाडीच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं :
घरी दहापर्यंत सराव घ्यावा.
आईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं
आणि हसता हसता लाटणं खाली पाडलं.
"पेन्शन वाढली न्हाई,
पण बोटाचं नाव शाळंत गेलं तुमच्या."

आबा बत्तीस वर्षं उद्यमनगरात, पॉवर प्रेसवर.
उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून
तिथंच राहिली.
शर्वरीला हे कुणी सांगितलं नव्हतं.
तिला माहीत होतं ते असं :
पंचगंगेच्या मगरीनं बोट मागून घेतलं, दात कोरायला.
किंवा रंकाळ्यातल्या माशाला ते भेळेतलं कायतरी वाटलं.
किंवा, आणि ही तिची सगळ्यात लाडकी,
तालमीतल्या एका पैलवानाला उसनं दिलंय,
लंगोटाची गाठ मारताना त्याला एक बोट कमी पडत होतं.
"परत कधी देणार?"
"कुस्ती मारली की."
तो पैलवान गेली दोन वर्षं
सारखा हरतोय.

एकदा मेथी निवडताना आईनं खरं सांगून टाकलं.
शुक्रवार होता. ओव्हरटाइम होता.
पत्रा अडकला, ह्यांनी हात घातला.
शर्वरीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं
आणि म्हणाली,
"आजी, तुला गोष्टी येत न्हाईत."

मी तेव्हा दुसरीत होतो.
आबा रात्री उशिरा आले, हात टॉवेलात गुंडाळलेला,
टॉवेलवर कसलीतरी फुलं होती, एवढंच आठवतं.
पुढच्या महिन्यात मला नवीन दप्तर आलं.
दोन्हींचा काही संबंध असेल
हे कॉलेजात गेल्यावर लक्षात आलं,
आणि तेव्हाही मी काही बोललो नाही.
फोटोत आबा उजवा हात खिशात घालून उभे असायचे,
लोकांच्या लग्नात, माझ्याही,
आणि मला वाटायचं
ही त्यांची ऐट.

आता शाळा सुटली की उभा मारुती चौकात,
रिक्षा, म्हशी, क्लासला निघालेली पोरं
या सगळ्यांतून पलीकडं जाताना
शर्वरी नेमकं तेच बोट धरते.
बाकीची तिला लांब पडतात.
हे मुठीत अख्खं मावतं,
बाहेर काही उरत नाही.

काल दुपारी तिला स्नेहलच्या नेलपॉलिशची बाटली सापडली.
आबा जेवून पडले होते.
उठले तेव्हा नऊ नखं डाळिंबी झालेली,
आणि जिथं नख नाही
तिथं तर तिनं सगळ्यात जाड थर दिलेला.
"हितं उगवंल आता. रोज पाणी घालायचं."
आई थिनर शोधायला उठली.
आबा म्हणाले, "शालन, बस. असू दे."

संध्याकाळी ते तसेच गंगावेशीला दूध प्यायला आले.
कट्ट्यावर त्यांची जुनी माणसं असतात,
त्यातल्या दोघातिघांच्या बोटांचाही हिशेब लागत नाही.
"काय ओ, हळद कवा हाय?" कुणीतरी ओरडलं.
मी गाडी स्टँडला लावत होतो. हात थांबला माझा.
खिसा होता की आबांच्या सदऱ्याला.
पण त्यांनी फेसाचा ग्लास उजव्या हातानंच घेतला,
डाळिंबी थोटूक काचेवर टेकवून,
आणि निवांत, फुंकर मारत प्यायले.

शर्वरी, मिशी पांढरी,
रांगेतल्या म्हशी मोजत होती.
सात. आठ. नऊ.
मग कोपऱ्यातल्या रेडकाकडं बघून जरा थांबली.
"साडेनऊ."
"दहा हाईत की गं," दूधवाला म्हणाला.
आबांनी ग्लास त्याच्या हातात दिला.
"बरोबर हाय तिचं."