काही जाहीर करण्यासारखं

अकरावीचा वर्ग, खोली एकशे चौदा.
खिडकीतून बंद कागद गिरणीची चिमणी दिसते,
तिच्यामागे पूल, पुलापलीकडे दुसरा देश.

मी फळ्यावर वर्तुळ काढतो.
वीस वर्षं काढतोय, एकदाही गोल आलेलं नाही.
वर लिहितो घर. मग हाक, मग नकार,
मग वाट दाखवणारा म्हातारा,
मग उंबरठा आणि त्यावरचा राखणदार,
तळाशी अंधार,
तिथून वळसा घेऊन पुन्हा घर.
यांना आदिबंध म्हणतात, मी सांगतो.
कातडं बदलतं, हाडं तीच.
कोल्टन विचारतो, परीक्षेत येणार का.
येणार.

दुसऱ्या आठवड्यात धूर्ताचं प्रकरण.
ऑटम जोर्डेन हात वर न करताच म्हणाली,
आमच्याकडे त्याच्या गोष्टी
बर्फ पडल्याशिवाय सांगत नाहीत.
बाहेर पोरं अर्ध्या चड्डीत फिरत होती.
मी वर्षाचा तक्ता काढला, खोडरबर शोधलं
आणि धूर्ताला डिसेंबरात ढकललं.
तिथे तरी तो वेळेवर येईल
याची खात्री नाही.

मग निबंध:
ओळखीच्या एका माणसात एक आदिबंध शोधा.
पाचशे शब्द. पुरावे द्या.
बारा जणांचे आजोबा ज्ञानी निघाले.
चौघांचे हॉकीचे प्रशिक्षक.
एकाने कुत्र्याला नायक केलं,
आणि त्याचे पुरावे चोख होते.

टेगन सावचुकने आई निवडली.
आई पुलावर असते, सीमाशुल्काच्या खोक्यात.
राखणदार, तिने लिहिलं होतं, अगदी शब्दशः.
मी खूश होऊन चहा ओतला.
पण खाली तिने स्वतःचं वर्तुळ काढलं होतं
(माझ्यापेक्षा गोल)
आणि राखणदार भलत्याच जागी होता,
परतीच्या वाटेवर, घराच्या जरा अलीकडे.

पुरावा:
"जाणाऱ्यांना आई तपासत नाही,
ते काम पलीकडच्यांचं.
आई फक्त येणाऱ्या गाड्या बघते.
बाबा गेले तेव्हा मी तिसरीत होते.
हिरवी पिकअप, डावा दिवा फुटलेला.
आईला थंडर बेला दोनदा बढती मिळत होती.
ती म्हणाली, तिकडचे हिवाळे वाईट.
इकडचेही तेच आहेत.
संध्याकाळची पाळी ती कुणाला देत नाही."

तीनशे चाळीस शब्द. समारोप नाही.

गुणांच्या तक्त्यात एक रकाना आहे,
संकल्पनेची अचूक मांडणी.
त्याखाली दुसरा, निष्कर्ष.
लाल पेनाचं टोपण मी काढलं, लावलं,
मग उठून धुतलेलीच भांडी धुतली.

शनिवारी पलीकडे गेलो,
पेट्रोल आणि चीज तिकडे स्वस्त पडतं.
परतताना रांगेत चौथा होतो.
अंधारून आलं होतं.
प्रत्येक गाडी जवळ आली की ती
पाटीवरचा नंबर बघायच्या आधी
दिवे बघत होती.
मी ते वाचलं नसतं तर मला दिसलं नसतं.

किती वेळ होतात तिकडे?
दोन तास.
काही जाहीर करण्यासारखं?

शेजारच्या सीटवर सव्वीस निबंध,
रबरात बांधलेले, तिच्या मुलीचा सगळ्यात वर.
चीज, मी म्हणालो. दोन पाकिटं.
आणि एक टायर.
तिने मागच्या सीटकडे पाहिलं.
तिथे कुणी नव्हतं.
हात हलवून म्हणाली, जा.

सोमवारी पुन्हा वर्तुळ काढलं.
राखणदार लिहायला खडू टेकवला
तो घराच्या अलीकडेच टेकला.
कोल्टन म्हणाला, सर, पुस्तकात तो दुसऱ्या बाजूला आहे.
पुस्तकात आहे, मी म्हटलं.
टेगनने मान वर केली नाही.
वहीत तिने ते उतरवून घेतलं,
जसं काही ते माझंच होतं.