तीस सेंटिमीटरवरचा आकडा

येलदरी रस्त्याला आमची शाळा.
प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची एक खोली
आणि मी तिथला परिचर. पोरं मामा म्हणतात.
किल्ली माझ्याकडं, आम्लाच्या बाटल्या माझ्याकडं,
फुटलेल्या परीक्षानळ्यांची वहीसुद्धा माझ्याकडंच.

यंदा परभणीहून पुडीत बांधून आले
तुरीच्या दाण्याएवढे दहा एलडीआर.
तोंडावर नागमोडी तांबडी रेघ,
खाली तारेचे दोन पाय.
टेकाळे सर म्हणाले, उजेड पडला की याचा विरोध गळतो,
अंधारात हा ताठ होतो.
मला थोरला भाऊ आठवला.
तो नेमका उलटा.

खिडक्यांवर मी सतरंज्या ठोकल्या,
दाराला बायकोचं जुनं लुगडं, दुहेरी.
मार्चातले साडेअकरा.
आत नुसती भट्टी.

एलडीआर जागचा हलवायचा नाही,
दिवा तेवढा पट्टीवर मागं मागं न्यायचा.
मंचक घुगे आकडा ओरडणार,
शबिस्ता सय्यद लिहिणार.
दहावर सहाशे ओहम.
वीसवर सोळाशे.
तीसवर अकराशे.

"सर, आकडा उलटा यायलाय."

सर घाईत. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर.
"अठ्ठावीसशे लिही. वक्र नीट येतो."
मंचकनं लगेच लिहिलं.
शबिस्तानं पेन्सिलीचं टोक दातात धरलं
आणि तीससमोरची चौकट
रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच आली, त्याच वेळेला.
"मामा, दिवा नको. नुसता मीटर लावा."
मी लुगडं सोडलं आणि स्टुलावर बसलो.

उजेड आला की आकडा धपकन पडतो, हे मी पाहिलं होतं.
अंधार केल्यावर तो कसा चढतो
हे कधी थांबून पाहिलं नव्हतं.
आधी भराभरा, मग रेंगाळत,
मग एक एक करत,
जणू त्याला खात्रीच पटेना
की खरंच कुणी दार लावलंय.

चढता चढता तो थांबला.
आणि खाली यायला लागला.

दिवा बंद. मी हललो नाही. ती हलली नाही.
खोलीत तिसरं कुणीच नव्हतं.

"वर बघा की, मामा."

पत्र्यात भोक. हरभऱ्याएवढं.
गारपिटीच्या साली पडलेलं,
दुरुस्ती म्हणून मी रजिस्टरात चारदा लिहिलेलं.
आणि खाली टेबलावर उन्हाचा एक गोल,
जुन्या रुपयाएवढा,
सरकतोय का नाही कळू नये असा सरकत
एलडीआरला कड घासून पुढं निघालेला.

ती मिनिटामिनिटाला त्याच्या मधोमध ठिपका देत गेली.
सातव्या ठिपक्याला गोल पुढं गेला होता,
आकडा पुन्हा चढणीला लागला.

सरांना बोलावलं.
ते वर बघत राहिले, बराच वेळ,
चष्मा काढून, मग चष्मा लावून.
काही बोलले नाहीत.
मंचकची वही मागवली,
अठ्ठावीसशेवर स्वतःच्या पेनानं काट मारली,
वर लिहिलं अकराशे
आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द:
ऊन.

संध्याकाळी शिडी लावून मी भोक बुजवलं.
एम-सील दोन वर्षं कपाटात पडून होतं,
आता कुणी विचारू नये, का.
खाली उतरून खोली बंद केली, मीटर पाहिला.
आकडा नव्हताच.
डाव्या कडेला नुसता एक 1,
पडद्याला टेकून उभा.
मीटरची ऐपत संपली की तो एवढंच दाखवतो,
असं सरांनी मागं सांगितलं होतं.
इतका अंधार आमच्याकडं आहे
हे मला माहीत नव्हतं.

रोज सकाळी मी टेबल पुसतो.
मधे तिरक्या रांगेत पेन्सिलीचे सात ठिपके आहेत.
फडकं तिथवर जातं
आणि वळतं.