जे जे जे जे

नोटबुर्गा निवृत्त झाली तेव्हा मागे ठेवून गेली
लोकरीचं एक बसकर,
खिडकीत सुकत घातलेल्या जर्दाळूच्या बिया,
आणि सफरचंद उत्पादक संघाची फाइल :
एकोणीस वर्षं, एकतीस पानं,
सगळी जर्मनमध्ये.

ओर्नेल्ला खालच्या मैदानातली, पो नदीच्या धुक्याकडची.
तिचा संगणक इटालियन.
भीत भीत फाइल उघडली, तर काहीच बिघडलं नाही.
'झुमे'ची 'सोम्मा' झाली,
'वेन'चं 'से' झालं,
दारात बूट काढून सपाता घालाव्यात
इतक्या सहज सगळे 'जर'
आपापले 'तर' घेऊन आत आले.

अडला फक्त वर्षाचा रकाना.
अवतरणचिन्हांच्या आतलं कुणी भाषांतर करत नाही.
तिथे नोटबुर्गाने चार अक्षरं लिहिली होती,
तिच्या भाषेतल्या वर्षाचं आद्याक्षर चारदा,
आणि यंत्राने ती होती तशी परत केली.
बाराशे ओळी
जे जे जे जे.
वाक्य सुरू होतं, 'ते' येतच नाही.

ओर्नेल्लाने 'जे' खोडून 'आ' लिहिला. आन्नो म्हणजे वर्ष.
दोन हजार चौदा परत आलं, गारपिटीसकट.
ती घरी गेली.

सकाळी वर शीतगृहात कासियानने तीच फाइल उघडली.
त्याचा संगणक जर्मन.
आ आ आ आ.
कुणी डॉक्टरला घसा दाखवत बसलंय जणू.
त्याने 'आ' खोडून 'जे' लिहिला.

अख्खा नोव्हेंबर असा गेला.
मध्ये दोनच जिने. पण फोन कुणी उचलला नाही;
उचलून पहिला शब्द कुठल्या भाषेतला म्हणायचा
हा त्या दरीत साधा प्रश्न नाही.

मग वजनकाट्याने घोळ घातला.
काटा तिसऱ्याच देशातला, स्वल्पविराम न शिकलेला, टिंब देणारा.
प्लांगरबाईंची तीन टिंब चार टन सफरचंदं
कासियानकडे पोचेपर्यंत तीन एप्रिल झाली,
आणि तारखेच्या पोटात यंत्र जो आकडा लपवतं
तो बेरजेत उतरला : पंचेचाळीस हजार टन.
ओर्नेल्लाकडे तीच डावीकडे सरकून बसली,
नुसती अक्षरं, बेरजेत न धरलेली,
लग्नात दूरच्या नातलगांना बसवतात तशी.

प्लांगरबाई दोन पावत्या घेऊन आल्या.
एकीवर दरीभर सफरचंदं, दुसरीवर शून्य.
म्हणाल्या, "मधलं काहीतरी द्या."

त्या दिवशी ओर्नेल्ला जिना चढली.
कासियानने खुर्चीवरची खोकी उचलली,
आणि दोघांनी मिळून फोन लावला, तिसऱ्याच माणसाला.

"कुठलं वर्ष दिसत नाही?" नोटबुर्गाने विचारलं.
"सगळीच."
पलीकडे चमचा कपात फिरत राहिला.
"वही आहे माझ्याकडे. घ्या लिहून."

बोलली इटालियनच, शाळेतलं, जपून.
आकडे मात्र तिच्या तोंडी जर्मनच यायचे.
मोजताना कोण पाहुण्याची भाषा वापरतं?
चोवीस म्हणताना आधी चार, मग वीस,
थेट आपल्यासारखं.

ओर्नेल्ला चार लिहून थांबायची
त्याच्या डावीकडे
एका आकड्यापुरती जागा ठेवून.