उत्तरेकडे कललेलं

ब्रनोत, ओताकारच्या काचघरात
हीटर खोकतो आणि फोन वाजतो :
लिंट्सच्या दंतवैद्य बाई विचारतात,
"कोपियापोआ. चौदाशे युरो. अस्सल आहे का?"

तो फोटो दोन बोटांनी ताणतो.
काटे काळे, आखूड, काही मोडलेले.
अंगावर राखाडी मेण, त्यात एक जुना ओरखडा,
बुंध्याशी साल बुचासारखी.
मुळं छाटलेली. नुकतीच. धारदार पात्यानं.

बियांपासून वाढवलेलं रोप गुटगुटीत असतं,
लाडावलेलं, चहूबाजूंनी सारखं.
हे एका अंगाला कललंय.
अटाकामात सूर्य उत्तरेला असतो,
तिकडे मान करून हे
आपल्या आजोबांच्या आधीपासून
धुकं पीत उभं असणार.

शंभर नंबरी अस्सल.
म्हणजे चोरलेलं.

त्याच्या स्वतःच्या बिया टपालानं आलेल्या,
एका निळ्या लिफाफ्यात, एकोणीसशे चौऱ्याहत्तरला.
तीन जगल्या. त्यांतली एक
अजून मुठीएवढीही नाही.

तो लिहितो, "नकली आहे. घेऊ नका."
चष्मा पुसतो. पाणी घालत सुटतो,
ज्यांना आज नको होतं त्यांनाही.

बाईंनी चारचौघांत सांगितलं असावं.
शुक्रवारी तेच झाड, तोच ओरखडा,
सहाशे.
रविवारी साडेतीनशे.
इतके तर कॉफीच्या डब्यात आहेत.

दक्षिणेच्या खिडकीतली एक जागा
त्यानं कधी रिकामी केली, आठवत नाही.
कुंडी तेवढी
फिरवून ठेवावी लागेल.