चौथ्या आणि पाचव्या सुरामध्ये

एकाहत्तरचा मे.
धंतोलीतल्या त्या बंगल्यात चहा आणणारा पोरगा मी,
कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतणाराही मीच.

चांडक भैयाजींना पाहिजे होता सारस.
"पिक्चर सुरू व्हायच्या आधी
पडद्यावर उडला पाहिजे, बस."
महालातले पाट्या रंगवणारे पुंडलिक धकाते
सायकलला रंगाचे डबे बांधून आले.
दोनशे चौसष्ट कागद, दोनशे चौसष्ट सारस,
पंख जरा वर, आणखी जरा वर, मग खाली.
जोडीनं असतो तो पक्षी, हे त्यांना ठाऊक होतं,
पण पैसे एकाचेच ठरले होते.
गोंदियाच्या टॉकीजमध्ये लोक ओरडले म्हणे,
"अबे, याची बायको कुठं हाय?"

वाजवायला इतवारीच्या बँडमधले निमजेकाका.
एका वरातीतून उठून आले,
लाल कोट अंगात तसाच,
क्लॅरिनेटला बायकोच्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं.
सात सूर. अकरा सेकंद.
सालोमनसाहेब कानांवर हात ठेवून म्हणाले,
पंखा बंद. कूलर बंद. श्वाससुद्धा बेतानं.
मी बटन दाबलं.
भिंती तव्यासारख्या.
एक, दोन, तीन, चार
आणि बंद कूलरच्या वाळ्यातून
खालच्या पाण्यात एक थेंब.

टप्प.

मग पाच, सहा, सात.
टेप तेवढीच उरली होती.
भैयाजींनी ऐकलं, डोळे मिटले,
"वा! पाय उचलला त्यानं तळ्यातून!"
सालोमनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं.
मी कपबशा उचलल्या.

सत्त्याऐंशीत सारस सोनेरी झाला.
मुंबईहून की-बोर्ड आला, एका माणसासकट.
त्यानं सात सुरांवर सात मजले चढवले
आणि चौथ्यानंतर बोट टेकवलं: टप्प.
गोल, गुळगुळीत. वाळ्याचा वास नसलेलं.
निमजेकाकांना कुणी कळवलं नाही.
ते तेव्हा अंबाझरीच्या बांधावर सकाळी
चार पावलं चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे.

पुढं कंप्युटर.
एकेक पीस मोजता येईल असा पक्षी
आयटी पार्कजवळच्या खोलीत
सहा पोरांनी सहा महिने घडवला.
जोडीदारही दिला शेवटी.
दिला म्हणजे, त्यालाच उलटा करून
समोर उभा केला, आरशातल्यासारखा.
चाळीस व्हायोलिनं, परदेशात वाजवलेली.
आणि थेंब आता मागच्या खुर्च्यांतून यायचा,
असा दणका की मॉलमधल्या थेटरात
माझे पॉपकॉर्न सांडले.
बाजूच्या पोराला म्हटलं, हे पाणी मी ओतलं होतं.
त्यानं मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर धरला,
मग खुर्ची बदलली.

आता कारभार भैयाजींच्या नातीकडं.
मागच्या महिन्यात तिनं बोलावलं,
धकातेंचे कागद कुठं असतील म्हणून.
जुन्या कपाटात वाळवीनं एकतीस ठेवले होते.
अंगठ्याखाली भराभर सोडले तर
सारस पंख उचलतो,
मध्येच कुठं तरी गायब होतो,
आणि थेट उंच असतो.
ती हसली. चांगली मुलगी आहे.
म्हणाली, आजोबा, तीन सेकंदांपुढं कुणाचा अंगठा थांबत नाही.
सारसाची आता एक वाकडी रेघ, मान समजायची.
सूर काढले. सातही.
ठेवला फक्त थेंब.
"तोच तर लोकांच्या लक्षात आहे," ती म्हणाली.
मी पाणी मागितलं.

काल रात्री दिवसाचे पंचेचाळीस अजून भिंतीत होते,
लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला.
अंधारात, खाली:
टप्प.

बायको कूस बदलून म्हणाली,
"उद्या त्या तोटीला वॉशर बसवा बाप्पा."
हो, म्हटलं,
थांब जराशी.
पाचवा येऊ दे.