पाण्याची पाळी

आमच्या भागात चार दिवसांआड पाणी.
या खेपेला शनिवारची रात्र, अडीच की तीन,
नक्की कोणीच सांगत नाही.
मी पाळक. उद्याचा उपदेश अर्धा टाकून
नळापाशी पाटावर बसलोय.
दोन बादल्या, कळशी, बाळाचा टबसुद्धा रांगेत.

मे महिना, आणि तो सोलापूरचा.
भिंत अजून हाताला पोळते.
पलीकडच्या गल्लीत माग चालू आहेत,
खट् खटाक्, खट् खटाक्,
कुणाची तरी चादर वीतवीत पुढं सरकतेय.

डायरीत जागा नाही.
चर्चच्या पत्र्यांचं कोटेशन, कमिटी,
कब्रस्तानच्या कुंपणावरून दोन घरांत समेट
(झाला, आणि जिन्यातच मोडला).
जानेवारीच्या पानांवर वरच्या कोपऱ्यात
रोज लिहीत होतो : पहाटे पाच, प्रार्थना.
फेब्रुवारीत ते लिहायचंच राहिलं.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
उलट मंडळी म्हणते, पाळकसाहेब,
प्रभूच्या कामात किती हो धावता!

मोशेनं डोंगरापाशी हट्ट धरला होता,
तू येणार नसलास तर तंबू हलवत नाही म्हणून.
मी सकाळी स्कूटरला किक मारतो नि निघतो,
मागं कोणी बसलंय की नाही
हे वळून न बघता.

परवा सिव्हिलमध्ये याकोब कसोटेंकडं गेलो.
चाळीस वर्षं मागावर.
छातीत कापसाची पिसं, नाकाला नळी.
मी घड्याळ बघितलं, डोळे मिटले
आणि सुरू झालो :
हे कृपाळू देवबापा, हे सर्वसमर्था,
शब्दामागून शब्द, अडखळणं नाही,
माझं मलाच बरं वाटावं असं.
मनगटावर त्यांची बोटं आली.
"थांबा, साहेब.
कांडी संपलीय तुमची.
धोटा नुसता पळतोय इकडून तिकडं.
आवाज येतोय, कापड होईना."

शेजारच्या खाटेवरचा माणूस हसला.
माझे कान तापले.
याकोबराव दम खाऊन म्हणाले,
"आम्हाला ऐकूनच कळायचं की.
रिकामा माग जरा जास्तच आवाज करतो."
मग नळी लावलेलं तोंड वर करून,
माझा हात न सोडता,
"देवा, पोरगं दमलंय. बघ जरा."
एवढंच. आमेनसुद्धा नाही.
पंखा घरघरत होता, सलाईन ठिबकत होतं
आणि त्या खाटेपाशी आम्ही दोघेच नव्हतो.
मला ते सिद्ध करता येणार नाही.
उपदेशात कसं घालावं तेही कळत नाही,
म्हणून तो अर्धा राहिलाय.

नळानं आता हवा सोडली. फुस्स.
पाणी येण्याआधी ती अशीच येते,
रिकाम्या पाइपातून, कुठून कोण जाणे.
नवखा माणूस म्हणेल, नळ कोरडा आहे.
इथल्या बाया ओळखतात, तोटीखाली भांडं सरकवतात.

मीही बादली सरकवली.
डोळे मिटले. बाप्पा, म्हणालो,
आणि पुढं काही आलं नाही.
आणायचा प्रयत्नही केला नाही.
उष्ण वारा थांबल्यासारखा झाला,
माग चालू होता, बहुतेक भरलेल्या कांडीचा.
किती वेळ गेला ठाऊक नाही.

"अय्यो, पाद्रीबाबा! झोपलात काय?"
जिन्यावरून नरसम्मा, विड्यांचं सूप काखेत,
"पाणी वाया चाललंय की तुमचं, बघा तरी!"

बादली भरून वाहत होती.
पाट भिजला होता, पाय भिजले होते,
ओहोळ तिच्या तुळशीपर्यंत गेला होता.
मी उठलो,
पुढची कळशी लावली.