बावीस ग्रॅम

यंत्र बोटीनं मुंबईला आलं,
मग छोट्या गाडीनं सौंदडला,
तिथून अठरा बंड्यांवर चुलबंदच्या काठी.
एका बंडीचा आख चढावर मोडला
आणि लोखंडाचा तो रूळ तीन दिवस रस्त्यात पडून होता.
पोरं त्यात तोंड पाहायची.

गावाला वाटलं, कागद म्हणजे वह्या.
मुनीम म्हणाला, ह्यावर कोणी लिहिणार नाही,
हा जळायसाठी आहे.

अंबाडीची भाजी खाणारं, अंबाडीचा दोर वळणारं गाव
तिचाच लगदा ढवळू लागलं.
वणीकडून खडू यायचा, पोत्यांनी.
चौरस मीटरला बावीस ग्रॅम.
तेवीस झालं की रीळ पुन्हा हौदात.

बाबांना प्रयोगशाळेत घेतलं, हात थरथरत नव्हता म्हणून.
पट्टी चिमट्यात धरायची,
टोकाला उदबत्ती टेकवायची,
दोन रेघांमधलं अंतर विस्तव किती सेकंदांत चालून जातो
ते घड्याळात बघायचं.
दिवसाला दोनशे पट्ट्या, चौतीस वर्षं.
ओठाला चिकटू नये, भडकू नये, मधेच विझू नये,
राख पांढरी पडावी, सांडू नये,
आणि चव तर लागूच नये.
कागद आठवला की माल परत, असं बाबा म्हणत.

घरी माय सुपात तेंदूची पानं घेऊन बसलेली.
कात्रीचा आवाज, जर्दा, लाल दोरा.
तिचा हिशेब हजारावर,
सट्टेदार त्यातून शंभर-दीडशे छाट काढायचा.
बाबांच्या कागदाला ती नावं ठेवायची:
झाडाचं पान देवानं आयतं दिलं असताना
माणसानं पान कशाला करावं?
घरात ओढणारं कोणीच नव्हतं.
खोकला मात्र तिला होता,
आणि दिवसभर जाळणाऱ्या बाबांना कधीच नाही.
ह्याचा अर्थ मी अजून लावलेला नाही.

तान्ह्या पोळ्याला गिरणीतून कडा-कातरण मिळायची.
माझ्या लाकडी नंदीला
अख्ख्या गावात सगळ्यात हलकी झूल.
श्वास सोडला तरी उडायची,
म्हणून मी त्याच्याजवळ तोंड मिटून चालले
पाटलाच्या घरापर्यंत.

नदी खालच्या अंगाला पांढरी झाली.
फगनी नान्हे फाटकाशी आली, टोपलीत वाघूर मासे,
एकाचा कल्ला बोटानं उघडून दाखवला,
आत खडू.
साहेबानं तिच्या नवऱ्याला बॉबिन-खात्यात लावलं.
सत्तावीस मिलिमीटरच्या फिती कापायचा तो,
महिन्याला पगार.
जाळं त्यांच्या छपरावर वाळत राहिलं
आणि मग त्यावर दोडक्याचा वेल चढला.

गिरणी बंद पडल्याचं पत्र
जाड कागदावर आलं. बाबांनी ते दोन बोटांत धरून
वजन सांगितलं, मजकूर नंतर वाचला.
यंत्र रायपूरच्या भंगारवाल्यानं नेलं, दोन ट्रक पुरले.

आता बाबांना दिसत नाही.
काल माळ्यावर एक रीळ सापडलं,
पिवळं, कडेला उंदरानं कुरतडलेलं.
म्हणाले, लाव.
मी केसांच्या चिमट्यात पट्टी धरली, उदबत्ती टेकवली,
मोबाइलवर सेकंद सुरू केले.
विस्तव चार बोटं गेला आणि दमट जागी थांबला.

किती व?
मी म्हटलं, बरोबर आहे, पास.
ते जरा वेळ गप्प राहिले.
विझली ना? म्हणाले. वास आला.

त्या कागदाला वास नव्हता.
त्यासाठीच तर सगळी मेहनत होती.